डाग कुठे सुटतो? चांदीकाम नव्याने शिकणाऱ्यांनो, या चुका टाळा

मराठीत डाग म्हणजे दागिना, डाग म्हणजे धातूला दिलेला सांधा, आणि डाग म्हणजे पडलेला डाग. चांदीकाम नव्याने सुरू केलेल्या माणसाला हे तिन्ही एकाच आठवड्यात भेटतात. मी विकलेली पहिली अंगठी आठव्या दिवशी परत आली. सांधा उघडला होता. भिंगाखाली धरली तेव्हा दिसलं की सोल्डर, म्हणजे सांधा जोडणारा लवकर वितळणारा मिश्रधातू, फटीत शिरलंच नव्हतं, दुधावर साय धरावी तसं नुसतं वर बसलं होतं.

चूक झाळताना, म्हणजे आच देऊन सोल्डर वितळवताना, झाली असं मला बरेच दिवस वाटत होतं. प्रत्यक्षात ती कानस खाली ठेवली तेव्हाच झाली होती. सोल्डर म्हणजे लाकडाच्या भेगा बुजवायची लांबी नव्हे, ते खड्डा बुजवत नाही. दोन कडा एकमेकींना भिडलेल्या असतील तरच ते त्यांच्यामधून ओढलं जातं. म्हणून सांधा जुळवला की अंगठी खिडकीसमोर धरा. फटीतून उजेडाची रेघ दिसली तर पुन्हा कानस. आणि कानस मारून झाली की त्या कडेला बोट लावू नका. बोटाचं तेल पुरतं, सोल्डर तिथून पळतं.

आता आच. नवा माणूस ज्योत थेट सोल्डरच्या तुकड्यावर धरतो. तुकडा वितळतो, गोळा होतो आणि मोत्यासारखा तिथेच बसून राहतो. सोल्डर उष्णतेच्या मागे जातं, म्हणून आधी सगळा दागिना तापवा, जाड भाग जास्त, आणि सांध्याकडे शेवटी या. सांध्याला आधी लावलेला टाकणखार (बोरॅक्स) लक्ष देऊन बघा: आधी लाह्यांसारखा फुलतो, मग बसतो, मग काचेसारखा पारदर्शक होतो. तो पारदर्शक झाला की वेळ जवळ आली. सोल्डर चकाकून रेघेसारखं धावलं की त्याच क्षणी ज्योत बाजूला. ९२५ ची (हजारात ९२५ भाग शुद्ध) चांदी साधारण ८०० अंशांनंतर वितळायला लागते आणि हार्ड सोल्डर त्याच्या थोडंच अलीकडे वाहतं. 'अजून जरा' म्हणायला इथे जागा नसते. एकाच दागिन्याला तीन-चार सांधे असतील तर पहिला सर्वांत उशिरा वितळणाऱ्या हार्डने, मग मीडियम, शेवटी सर्वांत लवकर वितळणारं ईझी. उलटं केलंत तर चौथा सांधा देताना पहिला सुटून खाली पडेल.

स्वस्त सोल्डर घेताना कॅडमियम नाही ना, हे विचारा. सराफी दुकानांच्या पाट्यांवर एकेकाळी झळकणारं 'केडीएम' ते हेच. कॅडमियम ७६७ अंशांना उकळतं, म्हणजे तुम्ही झाळता त्याच टप्प्यात, आणि त्याचा धूर फुप्फुसं खातो. बंद खोलीत, पंखा बंद करून, ज्योत हलते म्हणून खिडकीही लावून काम करणारे मी पाहिलेत. ज्योत हलू दे.

पॉलिश केल्यावर चांदीवर जांभळट-करडी सावली राहिली, कितीही घासली तरी जात नाही, ही तक्रार मला सर्वांत जास्त ऐकू येते. तो मळ नव्हे. ९२५ मधलं साडेसात टक्के तांबं जास्त वेळ तापलं की पृष्ठभागाच्या आतपर्यंत काळवंडतं. पॉलिशने ते आणखी उठून दिसतं. पॉलिश पेपरने तेवढा थर उतरवणं, हा खात्रीचा इलाज. पुढच्या वेळी झाळायच्या आधी पूर्ण दागिन्यावर टाकणखाराचं पातळ दूध फिरवा, आणि आच मोठी पण थोडा वेळ ठेवा. बारीक आचेवर शिजवत बसलात की हमखास सावली.

झाळून झाल्यावर दागिना साफ करायच्या आम्लाच्या पाण्यासाठी घरी गंधकाम्ल आणू नका. वाण्याकडचं लिंबूसत्त्व लिटरभर गरम पाण्यात मूठभर टाकलं की काम होतं, जरा हळू इतकंच. त्यात लोखंडी चिमटा बुडवलात तर चांदी गुलाबी होऊन बाहेर येईल, कारण पाण्यात उतरलेलं तांबं तिच्यावर चढतं. बांबूचा किंवा प्लास्टिकचा चिमटा ठेवा.

पत्रा ठोकताना चिरला तर हातोडीला दोष देऊ नका. पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत जाऊन पाच मिनिटं नुसतं ऐका. मठारलेल्या हंड्यावरच्या त्या चकत्या फक्त शोभेच्या नाहीत, ठोक्यांनी तांबं घट्ट होतं. पण घट्ट झालेलं तांबं आणखी ठोकलं की फाटतं, म्हणून कारागीर ते मध्येच भट्टीत घालून मऊ करतो. चांदीचंही तेच. हातोडी उसळायला लागली, आवाज टणक झाला की थांबा आणि तापवा. पत्र्यावर परमनंट मार्करने रेघ मारून ठेवा. ती उडाली की पत्रा मऊ व्हायच्या बेतात आला. दिवा मंद असेल तर फिकट लाली दिसते. भर उन्हात ती दिसत नाही आणि पत्रा वितळल्यावरच कळतं.

खणाचे दागिने करणाऱ्यांचं दुखणं वेगळं. गुळेदगुडचा खण सुंदर, पण कडेला उसवतो आणि घामाने रंग सोडतो. ओल्या पांढऱ्या फडक्याने आधी घासून बघा, मागे अस्तर चिकटवून मगच कापा, आणि गोंद पातळ लावा. जाड गोंद वरून डाग होऊन दिसतो. त्याला जोडलेल्या जर्मन सिल्व्हरला मात्र चांदी म्हणू नका. त्यात तांबं, निकेल आणि जस्त असतं, चांदी औषधालाही नसते. निकेलने कानाला पुरळ आलं की गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. तसंच, स्वतःच्या हाताने ठोकलेला ९२५ चा शिक्का म्हणजे हॉलमार्क नव्हे. तो परीक्षण केंद्रातच मिळतो.

घडणावळ ग्रॅमवर लावू नका. दोन ग्रॅमच्या कुड्यांना कड्यापेक्षा जास्त वेळ लागतो, पण ग्रॅमच्या हिशेबात तो वेळ फुकट जातो. तास लिहून ठेवा. आणि कानशीचा कीस झाडून टाकू नका. सराफ कट्ट्यावरची माती धुऊन झारेकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या संसार चालवले. मांडीवर कातडं घ्या, चांदीच्या किसाचा डबा वेगळा आणि सोल्डर लागलेल्या किसाचा वेगळा ठेवा. मुशीत घालायच्या आधी त्यातून लोहचुंबक फिरवा, तुटलेल्या करवतीच्या पात्याचे तुकडे त्याला चिकटून येतील.