वजन उचलण्याच्या अनुभवानुसार व्यायामक्रम कसा निवडावा

ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगतच्या ज्या जिममध्ये मी रोज सकाळी जातो, तिथे नव्या माणसाला पहिला प्रश्न ठरलेला असतो : "किती वर्षं करताय?" माझ्या मते हा प्रश्न दिशाभूल करणारा आहे, कारण पावसाळ्यात खंड पाडत आणि दर महिन्याला व्यायाम बदलत तीन वर्षे काढलेला माणूस वजन उचलण्याच्या बाबतीत बहुधा नवशिकाच राहिलेला असतो. अनुभव मोजायचा तो वजन किती दिवसांनी वाढवता येते यावरून. दोन-तीन दिवसांच्या विश्रांतीनंतर त्याच व्यायामात थोडे जास्त वजन नीट उचलता येत असेल तर तुम्ही नवशिके आहात. त्यासाठी आठवडा लागत असेल तर मध्यम टप्प्यावर आहात. आणि महिना किंवा त्याहून अधिक काळ लागत असेल तरच स्वतःला अनुभवी समजावे. हे कळण्यासाठी एक साधी वही ठेवा आणि तारीख, व्यायाम, वजन, आवर्तने (हालचाल एका दमात किती वेळा केली) व सेट (अशा आवर्तनांच्या किती फेऱ्या केल्या) एवढेच चार आठवडे न चुकता लिहा.

नवशिक्यासाठी आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून, दर वेळी संपूर्ण शरीराचा व्यायाम हाच क्रम उत्तम. स्क्वॉट (खांद्यांवर वजन घेऊन बैठक), बेंच प्रेस (बाकावर उताणे झोपून वजन वर ढकलणे) किंवा ओव्हरहेड प्रेस (उभ्याने वजन डोक्यावर उचलणे), आणि डेडलिफ्ट (जमिनीवरचे वजन उचलून सरळ उभे राहणे) किंवा रोइंग (वाकून वजन पोटाकडे ओढणे), असे तीनच व्यायाम एका दिवशी पुरतात. प्रत्येकाचे पाच आवर्तनांचे तीन सेट करावेत. डेडलिफ्टचा मात्र एकच सेट पुरे. अनेक जिममध्ये भिंतीवर लावलेले "सोमवारी छाती, मंगळवारी पाठ" हे वेळापत्रक नवशिक्याने घेऊ नये, कारण त्यात स्क्वॉट आठवड्यातून एकदाच होतो आणि जी हालचाल शिकायची तिचाच सराव कमी पडतो.

सुरुवात २० किलोच्या रिकाम्या बारने, म्हणजे वजनाच्या चकत्या (प्लेट) न लावलेल्या लोखंडी दांड्याने, करावी. तोही जड वाटला तर डंबेल्स घ्यावेत. पुढे दर वेळी अडीच किलो वाढवावे. इथे एक बारीक पण महत्त्वाची अडचण येते. जिममधली सर्वांत लहान प्लेट अडीच किलोची असेल, तर दोन्ही बाजूंना एकेक लावताच पाच किलो वाढतात, आणि ओव्हरहेड प्रेसमध्ये २५ वरून थेट ३० म्हणजे एका दमात पाचवा हिस्सा जास्त होतो. मी स्वतः याच जागी कित्येक आठवडे अडकलो होतो आणि दोष खांद्यांना देत होतो. सव्वा किलोच्या दोन प्लेट विकत आणल्यावर गाडी पुढे सरकली. म्हणून वर्षाची फी भरण्याआधी प्लेटचा रॅक स्वतः पाहून घ्या.

एखाद्या वजनाने ठरलेली आवर्तने सलग तीन वेळा पूर्ण झाली नाहीत, तर वजन दहा टक्के कमी करून पुन्हा चढत जा. दोनदा असे करूनही तिथेच अडलात, तर क्रम बदलण्याची वेळ आली असे समजा. मात्र त्याआधी झोप आणि जेवण तपासा. नेरुळहून सकाळी सातची लोकल पकडून रात्री नऊला घरी परतणाऱ्याला सहा तासही झोप मिळत नसेल, तर बिघाड व्यायामक्रमात नसण्याचीच शक्यता जास्त.

मध्यम टप्प्यावर वजन दर आठवड्याला वाढवायचे असते. एक दिवस जड, एक हलका आणि एक मधला, अशी वाटणी करा, किंवा चार दिवस मिळत असतील तर दोन दिवस शरीराच्या वरच्या भागाला आणि दोन दिवस खालच्या भागाला द्या. अनुभवी टप्प्यासाठी छापील क्रम फारसा कामाचा नाही. तुमची वही वाचून आखणी करणारा प्रशिक्षकच शोधावा. रक्तदाब, हृदयविकार किंवा कंबरेचे जुने दुखणे असल्यास कोणत्याही टप्प्यावर आधी डॉक्टरांना विचारावे.

गणपतीला गावी जाऊन दहा-बारा दिवसांनी परतलात, तर क्रम बदलू नका. वहीतल्या शेवटच्या वजनातून दहा टक्के वजा करून तिथूनच पुढे सुरू करा.