एमजीबी घरच्या गॅरेजमध्ये पुन्हा उभी करताना: आधी पत्रा, मग इंजिन, रंग सर्वांत शेवटी

जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार स्वतःच्या हातांनी दुरुस्त करण्याची हौस असणाऱ्याने पहिली गाडी म्हणून एमजीबी घ्यावी, आणि या सल्ल्यामागे जिव्हाळ्यापेक्षा व्यवहार अधिक आहे. ऑक्सफर्डच्या दक्षिणेस असलेल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातून १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून अधिक एमजीबी बाहेर पडल्या. त्यामुळे ब्रिटनमध्ये तिचा जवळजवळ प्रत्येक सुटा भाग आजही नवा मिळतो. इतकेच नव्हे, तर जुन्या ब्रिटिश गाड्यांचे भाग बनवणाऱ्या ब्रिटिश मोटर हेरिटेज या कंपनीने १९८८ पासून मूळ साचे वापरून तिची अख्खी बॉडीसुद्धा पुन्हा तयार करायला घेतली. सुटे भाग मिळत नाहीत म्हणून हे काम सहसा अडत नाही. ते अडते क्रम चुकल्यामुळे. उत्साहाच्या भरात इंजिन उघडले जाते, बंपरला क्रोम चढतो, नव्या सीट येतात आणि मग दाराखालचा पत्रा बोटाने दाबला तरी आत जातो असे लक्षात येते.

या गाडीचे इंजिन भारतीय मिस्त्र्यांना अगदीच परके नाही. अनेक वर्षे आपल्या रस्त्यांवर धावलेल्या ॲम्बॅसडरचे १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन आणि एमजीबीचे १७९८ सीसीचे इंजिन ही दोन्ही बीएमसी, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन, या कंपनीच्या ‘बी सीरिज’ या एकाच घराण्यातील आहेत. सगळे भाग एकमेकांना बसतात असे नाही, पण ॲम्बॅसडरचे टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, ज्याने सेट केले आहेत, त्याला एमजीबीचे बॉनेट उघडल्यावर ओळखीचेच दृश्य दिसेल.

गाडी खोलण्यापूर्वी

पहिला दिवस पाने-पकडींना हात न लावता घालवावा. इंजिनचा कप्पा, वायरिंगच्या जोडण्या, दारांच्या फटी आणि ब्रेकच्या नळ्यांचे मार्ग यांचे भरपूर फोटो काढावेत; सुटा होणारा प्रत्येक बोल्ट कोणत्या भागाचा आहे ते लिहून पिशवीत ठेवावा. गाडी मूळची कोणत्या रंगाची होती आणि तिच्यात कोणत्या क्रमांकाचे इंजिन होते, हे कळायला हवे असेल तर गेडन येथील ब्रिटिश मोटर म्युझियमकडून जुन्या उत्पादन-नोंदींवर आधारलेले प्रमाणपत्र मिळते. रंग निवडण्याआधी ते मागवणे शहाणपणाचे ठरते.

हत्यारांच्या बाबतीत एक गोष्ट आधीच सांगायला हवी. या गाडीचे बहुतेक नट-बोल्ट इंची मापाचे, म्हणजे यूएनएफ आट्यांचे आहेत, आणि त्यांना सात सोळांश, अर्धा इंच, नऊ सोळांश अशा मापांचे पाने लागतात. मिलिमीटरचा जवळपासचा पाना बसल्यासारखा वाटतो, पण गंजलेल्या नटाचे कोपरे तो पहिल्याच हिसक्यात गोल करतो.

सिल: सर्व काम ज्यावर उभे आहे

एमजीबीच्या आधीच्या एमजीए या गाडीला वेगळी चासी होती. एमजीबीला ती नाही. तिची बॉडी हीच तिची चासी आहे. छप्पर नसलेल्या गाडीत पुढचा आणि मागचा भाग जोडून ठेवण्याचे काम प्रामुख्याने दारांखालच्या पोकळ पेट्या, म्हणजे सिल, करतात. ही पेटी बाहेरचा पत्रा, आतला पत्रा, मधली उभी पट्टी आणि तळाची पन्हळीसारखी लांब पट्टी अशा थरांनी बनलेली असते. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. पुढच्या चाकाने उडवलेला खारट चिखल विंगच्या, म्हणजे मडगार्डच्या, आत मागच्या बाजूला साचतो, तिथून सिलच्या टोकात झिरपतो आणि बाहेरून काही दिसण्याच्या कितीतरी आधी पेटी आतून खाऊन टाकतो.

तपासणी सोपी आहे. गाडी सिलखालच्या जॅकच्या जागेवर उचलावी आणि त्या बाजूचे दार उघडून पुन्हा बंद करून पाहावे. दार घासू लागले किंवा त्याच्या फटी बदलू लागल्या, तर गाडी मधोमध वाकते आहे, म्हणजे सिल गेले आहे. चुंबक फिरवूनही पाहावे. जिथे तो चिकटत नाही, तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे. गंजावर पुट्टी फिरवून वर चकचकीत रंग मारलेल्या गाडीपेक्षा उघड गंजलेली गाडी परवडली, कारण तिची किंमत तरी खरी असते.

जुन्या सिलवर वरून नवा पत्रा झाकून वेल्ड करण्याची पद्धत आजही दिसते. ती दुरुस्ती नव्हे. बाहेरचे सिल पुढे विंगच्या मागे आणि मागे मागच्या विंगच्या आत गेलेले असते, त्यामुळे ते नीट बदलायचे तर पुढची विंग काढावी लागते, जी सुदैवाने बोल्टांनी बसवलेली आहे, आणि मागच्या विंगचा खालचा तुकडा कापावा लागतो, कारण ती विंग वेल्ड केलेली असते. हे कष्ट टाळले, तर नव्या पत्र्याआड जुना गंज पुढे चालूच राहतो.

कापण्यापूर्वी गाडी सपाट जमिनीवर चार भक्कम स्टँडवर समतल ठेवावी आणि दाराच्या पोकळीत पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत चौकोनी नळीचा आधार तात्पुरता वेल्ड करावा. मापे लिहून ठेवावीत. दोन्ही बाजूंची सिल एकाच वेळी कधीही कापू नयेत. एक बाजू पूर्ण झाल्यावरच दुसरीला हात लावावा. नवे सिल आधी फक्त क्लॅम्पने पकडावे, दार बिजागरीवर चढवावे, विंग टांगावी आणि सगळ्या फटी सारख्या दिसल्या तरच वेल्डिंग सुरू करावे. एकदा वेल्ड झालेली चुकीची फट पुढे रंगारी झाकू शकत नाही.

या कामासाठी मिग वेल्डर, ०.६ मिलिमीटरची तार आणि आर्गन व कार्बन डायऑक्साइड यांचे मिश्रण पुरते. कारखान्यात जिथे स्पॉट वेल्ड होते, तिथे वरच्या पत्र्याला भोके पाडून ती वेल्डने भरावीत. जुळणाऱ्या कडांवर जस्तयुक्त प्रायमर लावावा. वेल्डची सलग ओढ घेतली, तर उष्णतेने पत्रा वाकतो, म्हणून थोडे इथे, थोडे तिथे असे टाके घालत जावे. वेल्डिंगपूर्वी पेट्रोलची टाकी आणि नळी काढून गाडीपासून दूर ठेवावी, बॅटरी व अल्टरनेटर यांच्या जोडण्या सोडवाव्यात आणि अग्निशामक हाताशी असावा. यात सवलत नाही. रंगकाम झाल्यानंतर पेटीच्या पोकळीत मेणाचा फवारा मारावा; मूळ पत्र्याला आतून असे संरक्षण मिळाले असते, तर हे सगळे प्रकरण बहुधा उद्भवलेच नसते.

इंजिन आणि कार्बोरेटर

अनेक वर्षे उभ्या असलेल्या गाडीला थेट स्टार्टर मारू नये. चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडावे, एक-दोन दिवस थांबावे आणि इंजिन हाताने फिरवून पाहावे. ते मोकळे फिरले, तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजावे. इथे आकडा किती आला यापेक्षा चारही सिलिंडरांचे आकडे एकमेकांच्या जवळ आहेत की नाही, हे महत्त्वाचे असते. इंजिन सुरू होऊन तापल्यावर धावताना ऑइलचे प्रेशर साधारण ५० ते ८० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) असेल, तर ते उघडण्याची घाई करू नये. बी सीरिज हे सोशिक इंजिन आहे. उत्साही मालक अनेकदा ते विनाकारण खोलतात.

टॅपेट थंड इंजिनवर ०.०१५ इंचांवर, म्हणजे ०.३८ मिलिमीटरवर ठेवतात. त्यासाठी नऊचा नियम ध्यानात ठेवावा: व्हॉल्व्ह एक ते आठ असे मोजले, तर जो व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे त्याचा क्रमांक नऊमधून वजा करावा, उत्तर येईल त्या क्रमांकाचा टॅपेट सेट करावा. हेड काढले असेल, तर नट मधून बाहेरच्या दिशेने, टप्प्याटप्प्याने, ४५ ते ५० पौंड-फुटांपर्यंत आवळावेत. हेड उघडलेच आहे तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट कठीण धातूच्या बसवून घ्याव्यात, कारण हे इंजिन शिसेयुक्त पेट्रोलसाठी घडवलेले होते आणि ते पेट्रोल ब्रिटनमध्ये २००० पासून सर्वसाधारण विक्रीत नाही. पेट्रोलच्या रबरी नळ्या तर डोळे मिटून बदलाव्यात. ब्रिटनमधील साध्या पेट्रोलमध्ये २०२१ पासून दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते जुने रबर कुजवते. भारतात तर आता वीस टक्क्यांचे मिश्रण पंपावर मिळते. नव्या नळ्यांवर इथेनॉल सोसणाऱ्या रबराची आर ९ ही खूण पाहून घ्यावी.

एसयू या ब्रिटिश बनावटीच्या जोड कार्बोरेटरला लोक उगाच घाबरतात. त्याच्या पिस्टन आणि वरच्या घुमटाच्या जोड्या मात्र आपापसांत बदलू नयेत, कारण त्या एकमेकांना जुळवलेल्या असतात. आधी रबरी नळीचे एक टोक कानाशी आणि दुसरे हवेच्या तोंडाशी धरून दोन्ही कार्बोरेटरांचा फुत्कार सारखा करावा. त्यानंतर पिस्टन खालच्या खिळीने जेमतेम ०.८ मिलिमीटर उचलावा. इंजिनचा वेग क्षणभर वाढून पूर्ववत झाला, तर मिश्रण बरोबर आहे. वाढलेलाच राहिला, तर पेट्रोल जास्त आहे. इंजिन अडखळले, तर कमी आहे. थ्रॉटलचा दांडा झिजून तिथून हवा शिरत असेल, तर मात्र कितीही स्क्रू फिरवले तरी सेटिंग टिकत नाही; दांडा आणि बुश बदलणे हाच उपाय.

इंजिन बाहेर निघालेच असेल, तर क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंग बदलूनच ते परत बसवावे. हे बेअरिंग कार्बनचे असते. सिग्नलला क्लच दाबून उभे राहण्याच्या सवयीने ते लवकर झिजते. गिअरबॉक्समध्ये इंजिनचेच २०डब्ल्यू-५० ऑइल घालावे. जाड गिअर ऑइल फक्त मागच्या ॲक्सलसाठी आहे.

वायरिंग

या गाड्यांना विजेचे भाग पुरवणाऱ्या लुकास कंपनीच्या विद्युत-सामग्रीवर ब्रिटनमध्ये पुष्कळ विनोद होतात आणि त्यांतले बरेच अन्यायाचे आहेत, कारण बहुतेक वेळा दोष काळवंडलेल्या जोडणीचा किंवा गंजलेल्या अर्थिंगचा निघतो. सर्वप्रथम गाडीची अर्थिंग कोणती ते पाहावे. १९६७ पर्यंतच्या एमजीबीमध्ये बॅटरीचा धन टोक बॉडीला जोडलेला असे. अशा गाडीत आजची वस्तू उलटी जोडली, तर ती तत्काळ जळते. सीटमागे सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असणे हाही १९७४ पर्यंतच्या गाड्यांचा मूळ प्रकार आहे, बिघाड नव्हे. वायरींचे रंग पाठ केले की अर्धे काम झाले: तपकिरी म्हणजे कायम चालू, पांढरी म्हणजे चावी फिरवल्यावर चालू, हिरवी म्हणजे तीच पण फ्यूजमधून गेलेली, जांभळी म्हणजे फ्यूजमधून गेलेली पण कायम चालू आणि काळी म्हणजे अर्थिंग. सगळे वायरिंग एकदम उपटू नये. एकेक परिपथ तपासत जावे.

ब्रेक, स्टिअरिंग आणि चाके

जुन्या ब्रेक शू आणि क्लच प्लेटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ती धूळ हवेच्या झोताने उडवू नये. ओल्या फडक्याने पुसून फडके बंद पिशवीत टाकावे. लवचीक नळ्या बाहेरून चांगल्या दिसल्या तरी आतून फुगलेल्या असतात. त्या सरसकट बदलाव्यात, आणि लोखंडी नळ्यांऐवजी तांबे-निकेलच्या घालाव्यात, म्हणजे गंजाचा प्रश्न उरत नाही. डॉट ४ प्रतीचे ब्रेकचे तेल भरल्यावर सर्वांत लांबच्या चाकापासून हवा काढत यावी.

पुढच्या किंगपिनना, म्हणजे चाके ज्यांवर वळतात त्या उभ्या खिळांना, ग्रीस देताना गाडी उचलून चाकांवरचे वजन काढावे, नाहीतर दाबलेल्या पृष्ठांपर्यंत ग्रीस पोहोचत नाही. तारांची चाके असतील, तर आतले दाते झिजून धारदार झाले आहेत का ते पाहावे. मधला पंखासारखा नट दोन्ही बाजूंना विरुद्ध दिशांनी सुटतो. सोडण्याची दिशा त्यावरच कोरलेली असते. तो तांब्याच्या हातोड्यानेच ठोकावा. टायरची नक्षी पाहून निर्णय करू नये, कडेवरचा निर्मितीचा आठवडा आणि वर्ष वाचावे.

रंग आणि पहिली फेरी

रंगाबद्दल थोडक्यात: टू-पॅक, म्हणजे दोन घटक मिसळून मारायच्या, रंगात आयसोसायनेट हे विषारी रसायन असते आणि बाहेरून हवा पुरवणाऱ्या मुखवट्याशिवाय ते फवारणे फुप्फुसांना घातक आहे. घासणे, प्रायमर आणि जोडण्यांतले सीलर घरी करावे; शेवटचा रंग रंगशाळेकडे सोपवावा. सीट, गालिचे आणि क्रोम त्यानंतर.

ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांपेक्षा जुन्या आणि मूळ रूपात फार बदल न केलेल्या गाड्यांना २०१८ पासून वार्षिक एमओटी तपासणीची सक्ती नाही. तरीही घरी सिल बदललेल्या गाडीची तपासणी स्वतःहून करून घ्यावी. वेल्डिंग आणि ब्रेक यांकडे परक्याची नजर जाणे आवश्यक आहे. पहिली फेरी घराजवळच, हळू आणि दिवसाउजेडी घ्यावी, परतल्यावर चारही चाकांना हात लावून कोणते जास्त तापले आहे ते पाहावे आणि गाडीखाली रात्रभर पुठ्ठा पसरून ठेवावा. सकाळी त्यावरचा डाग कुठे पडला आहे, यावरून गळती ऑइलची, पाण्याची की ब्रेकच्या तेलाची, हे कळते. पहिल्या काही शंभर मैलांनंतर हेडचे नट पुन्हा आवळावेत, मग टॅपेट नव्याने सेट करावेत, आणि तारांच्या चाकांचे नट तर पहिल्या फेरीनंतर लगेचच तपासावेत.