फौजदारी केससाठी वकील लावताना: पैसे देण्याआधी काय ठरवायचं

घरातल्या कुणाला पोलिसांनी नेलं की सल्ले दोनच मिळतात. एक, “मोठ्यातला मोठा वकील बघा.” दोन, “कुणाची ओळख लागते का बघा.” दोन्ही सल्ल्यांनी मी माणसं कर्जात गेलेली पाहिली आहेत. मी वकील नाही. घरकामगार बायकांच्या संघटनेचं काम करते आणि गेली सोळा-सतरा वर्षं त्यांच्याबरोबर पोलीस ठाण्याच्या आणि कोर्टाच्या पायऱ्या चढते आहे. कुणाचा मुलगा मारामारीत अडकलेला असतो, कुणाचा नवरा. कधी मालकिणीची बांगडी सापडत नाही म्हणून खुद्द बाईच बाकावर बसवलेली असते. हे लिहिते आहे ते अशा घरांसाठी.

वकिलाला फोन करण्याआधी

चार गोष्टी हातात हव्यात: पोलीस ठाणं कोणतं, गुन्हा रजिस्टर नंबर काय, कलमं कोणती आणि अटक झाली आहे की नुसतं चौकशीला बोलावलं आहे. ठाणे अंमलदाराला विचारा आणि कागदावर लिहून घ्या. एफआयआर बहुतेक वेळा महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर मिळतो. लैंगिक गुन्ह्यांसारखे संवेदनशील एफआयआर तिथे टाकत नाहीत. कलमं माहीत नसताना वकिलाशी बोलणं म्हणजे कुठे दुखतं ते न सांगता डॉक्टरांकडून औषध मागणं.

अटक झाली असेल तर प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे हजर करावंच लागतं, रविवार असो की दिवाळी. अटकेचं कारण आरोपीला सांगणं आणि घरच्यांना कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी बाईला अटक करता येत नाही. अपवादाची परिस्थिती असेल तर महिला पोलीस अधिकाऱ्याने मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी घ्यावी लागते. “रात्रभर बसू दे, सकाळी बघू” असं कुणी म्हणालं तर हे शांतपणे सांगा.

नुसता “येऊन जा” असा फोन आला तर लेखी नोटीस मागा. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या बहुतेक गुन्ह्यांत पोलिसांनी आधी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे अटक आणि तपासाच्या नव्या कायद्याच्या, कलम 35 खाली नोटीस द्यायची असते. ती आली की मात्र टाळू नका. नोटीस मिळूनही हजर न राहणं हेच अटकेचं कारण होतं.

वकील शोधणं

ज्या कोर्टात केस चालणार, तिथे रोज उभा राहणारा फौजदारी वकील बघा. जमिनीचे दावे चालवणारा नात्यातला वकील नको, आणि तालुक्याच्या कोर्टातल्या चोरीच्या केसला मुंबईहून वकील आणणंही नको. त्याचा अर्धा दिवस प्रवासात जातो आणि तारखेला येतो तो त्याचा ज्युनिअर. पोलीस ठाण्याच्या दारात किंवा समोरच्या चहाच्या टपरीवर जो माणूस “माझा वकील आहे” म्हणून नाव सुचवतो, त्याच्यामार्फत काहीही ठरवू नका. काम मागत फिरायला वकिलांना बार कौन्सिलच्या, म्हणजे वकिलांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेच्या, नियमांनीच मनाई आहे.

पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समिती किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरण गाठा, नाहीतर 15100 वर फोन करा. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, अपंग आणि कोठडीत असलेली कुणीही व्यक्ती, यांना मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही. “सरकारी मोफत वकील म्हणजे कामचुकार” हे मत मी तरी सोडून दिलं आहे. आता अनेक जिल्ह्यांत या कामासाठी पूर्णवेळ वकील नेमलेले आहेत, ते खासगी केस घेत नाहीत. घाईने लावलेल्या खासगी वकिलापेक्षा ते रिमांडला, म्हणजे कोठडी द्यायची की नाही हे मॅजिस्ट्रेट ठरवतात तेव्हा, चांगले उभे राहिलेले मी पाहिले आहेत. त्यांनी तुमच्याकडे फी मागायची नसते. मागितली तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार द्या.

फी: इथेच माणसं बुडतात

2009 साली माझ्या धाकट्या भावाला मारामारीच्या केसमध्ये अटक झाली. भांडणात समोरच्याच्या डोक्याला लागलं होतं आणि पोलिसांनी तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं कलम 307, म्हणजे खुनाचा प्रयत्न, लावलं होतं. टपरीवरच्या अशाच एका माणसाने वकिलाचं नाव दिलं. वकील म्हणाले, “पस्तीस हजार द्या, सोमवारी पोरगं घरी.” आईने पाटल्या गहाण टाकल्या. मी कोऱ्या वकीलपत्रावर, म्हणजे केस चालवायचा अधिकार वकिलाला देणाऱ्या कागदावर, भावाची सही आणून दिली आणि पैसे रोख मोजले. पावती मागायचं सुचलंही नाही.

सोमवारी मॅजिस्ट्रेट कोर्टात जामिनाचा अर्ज टाकला, तो नामंजूर झाला. कोर्टाच्या व्हरांड्यात वकील म्हणाले, “आता सेशनला जावं लागेल. त्याची फी वेगळी.” 307 मध्ये जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती. अशा गुन्ह्यात मॅजिस्ट्रेट बहुधा जामीन देत नाहीत, त्यांच्या वरच्या सेशन कोर्टातच जावं लागतं, हे त्यांना पहिल्या दिवशी माहीत होतं. मला माहीत नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं. पस्तीस हजार कोणत्या कामाचे, हेच आम्ही ठरवलं नव्हतं. मी पैसे दिले होते ते “सुटका” या शब्दाला.

मग एका मैत्रिणीने दुसऱ्या वकीलबाईंकडे नेलं. साठीच्या होत्या, सुती साडी, टेबलावर बांधलेल्या फायलींचा ढीग. त्यांनी आधी एफआयआर पूर्ण वाचला, दोनदा. मग त्या दिवसाच्या कामकाजाच्या यादीचा कागद उलटा केला आणि त्याच्या मागे पेनाने चार ओळी लिहिल्या: सेशनचा जामीन, हायकोर्टात जावं लागलं तर, चार्जशीटनंतर (पोलिसांच्या दोषारोपपत्रानंतर) आरोप निश्चितीपर्यंत, साक्षी आणि युक्तिवाद. प्रत्येक ओळीपुढे आकडा. हायकोर्टाच्या ओळीपुढे लिहिलं, “मी जात नाही, वकील सुचवेन.” खाली तारीख घालून सही केली आणि म्हणाल्या, “जामीन मिळेलच असं मी सांगणार नाही. अर्ज कधी टाकीन आणि काय मुद्दे मांडीन ते सांगते.” तो कागद अजून माझ्या कपाटात आहे. तेव्हापासून मी कुणाबरोबरही गेले तरी तशाच चार ओळी वकिलांकडून लिहून घेते.

तुम्हीही तेच करा. “पूर्ण केसचे किती?” हा प्रश्न विचारू नका. हे विचारा:

या कलमांना जामीन कोणत्या कोर्टातून मिळतो? गुन्हा जामीनपात्र आहे का? जामीनपात्र असेल तर जामीन हा हक्क आहे, त्यासाठी मोठी रक्कम मोजायचं काही कारण नाही. इथे होणारी लूट मी सगळ्यात जास्त वेळा पाहिली आहे.

ही फी कुठपर्यंतची? अर्ज नामंजूर झाला तर पुढच्या कोर्टाचं काय? प्रत्येक तारखेला वेगळे पैसे आहेत का? टायपिंग, नकला, कोर्ट फी स्टँप यांचा खर्च धरून की वेगळा? उभे तुम्ही राहणार की ज्युनिअर?

फी टप्प्याटप्प्याने द्या, शक्यतो यूपीआयने किंवा चेकने. रोख दिली तर वहीत तारीख, रक्कम आणि वकिलांची सही. चांगला वकील याने दुखावत नाही. जो दुखावतो त्याच्याकडून उठून या.

आता दोन वाक्यं, जी ऐकली की थांबायचं. पहिलं, “हमखास सोडवतो, सुटला तर एवढे द्या.” निकालावर ठरलेली फी घेणं बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. दुसरं, “साहेबांशी बोलणं झालंय, त्यांचे वेगळे द्यावे लागतील.” ते पैसे साहेबांपर्यंत जातात की नाही हे तुम्हाला कधीच कळणार नाही. गेले तर तो आणखी एक गुन्हा, आणि त्यात तुम्हीही असता. आमच्या एका बाईने अशा ‘वेगळ्या’ पैशांसाठी भिशी मोडली. तिच्या मुलाला नंतर जामीन मिळाला तो साध्या अर्जावर, आणि त्या अर्जात काय लिहिलं होतं हे तिला कुणी सांगितलंही नाही.

एक गोष्ट लक्षात असू द्या. वकिलांच्या सेवेबद्दल ग्राहक मंचात जाता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने 2024 मध्ये स्पष्ट केलं आहे. गैरवर्तनाची तक्रार राज्याच्या बार कौन्सिलकडे करता येते, पण गेलेले पैसे त्याने लगेच हातात येत नाहीत. म्हणून जे ठरवायचं ते आधी, आणि कागदावर.

वकीलपत्र

कोऱ्यावर सही नको. आरोपीचं नाव, कोर्ट, केस नंबर किंवा गुन्हा नंबर भरलेला बघा आणि मोबाईलवर फोटो काढा.

वकिलांना सगळं खरं सांगा

तुम्ही त्यांना सांगितलेलं गुपित राखायला ते कायद्याने बांधलेले आहेत. जुना गुन्हा, तक्रारदाराशी पैशाचा वाद, फोनवर पाठवलेले मेसेज, सगळं सांगा. बायका मुलाबद्दल वाईट सांगायला कचरतात. पण तीच गोष्ट सरकारी वकिलाने कोर्टात पहिल्यांदा काढली की आपला वकील उभ्या जागी गप्प होतो. मेसेज मात्र पुसू नका.

आणि तक्रारदाराला परस्पर भेटायला जाऊ नका, माफी मागायला सुद्धा. “साक्षीदाराला धमकावलं” एवढं एक वाक्य जामीन जायला पुरतं.

मग वकिलांकडून काय धरून चालायचं

रिमांडला ते हजर हवेत. पोलीस कोठडी किती दिवस आणि कशासाठी मागितली, ते त्यांनी तुम्हाला त्याच दिवशी सांगायला हवं. नव्या कायद्यात एकूण 15 दिवसांची पोलीस कोठडी, गुन्ह्यानुसार, पहिल्या 40 किंवा 60 दिवसांत तुकड्यातुकड्याने मागता येते. त्यामुळे न्यायालयीन कोठडी झाली, म्हणजे तुरुंगात पाठवलं, म्हणजे ठाण्याचा विषय संपला, असं समजू नका. चौकशी चालू असताना आरोपीला वकिलाला भेटता येतं, पण वकील पूर्ण वेळ शेजारी बसू शकत नाही. तशी अपेक्षा ठेवू नका.

जामिनाचा अर्ज टाकला की सरकारी पक्षाचं म्हणणं मागवतात, कोर्टात त्याला ‘से’ म्हणतात. तो यायला वेळ लागतो. सेशनला काही दिवस जातात. यात तुमचा वकील झोपलेला नसतो. मात्र ‘से’ची तारीख काय, हे तुम्हाला माहीत हवं.

पहिल्याच भेटीत आणखी एक तारीख वहीत लिहून घ्या. पहिल्या रिमांडपासून 60 दिवसांत चार्जशीट आलं नाही, किंवा मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षं व त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात 90 दिवसांत आलं नाही, तर जामिनाचा हक्क मिळतो. पण अर्ज करावा लागतो, आणि तोही चार्जशीट दाखल होण्याआधी. आपोआप कुणी सोडत नाही. वकील विसरले तर ती संधी गेली. म्हणून ही मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी फोन तुम्ही करायचा.

जामीन मंजूर झाल्यावर जामीनदार लागतो: सात-बारा किंवा घराचा उतारा, आधार, रेशनकार्ड, फोटो. कागद आदल्या रात्रीच तयार ठेवा. कागद नसल्याने माणूस आणखी चार रात्री आत राहतो.

पुढे तारखा. वर्षानुवर्षं. ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये 16 अक्षरी सीएनआर नंबर टाकला की पुढची तारीख आणि रोजनामा, म्हणजे त्या दिवशी कोर्टात काय झालं त्याची नोंद, दिसतो. वकिलांना रोज फोन करण्यापेक्षा ते बघा. तारखेला आरोपी जाऊ शकत नसेल तर हजेरीमाफीचा अर्ज देऊन ठेवायला सांगा. न सांगता गैरहजर राहिलात तर वॉरंट निघतं आणि ते रद्द करायला पुन्हा खर्च.

वकील बदलायचा असेल तर

बदलता येतो. आधीच्या वकिलांची ना-हरकत घ्या, ते देत नसतील तर नवीन वकील कोर्टाची परवानगी मागतात. “बाकी फी द्या, मग कागद देतो” असं माझ्या भावाच्या वेळी आम्हाला ऐकावं लागलं आणि त्यात अकरा दिवस गेले. फी थकली म्हणून अशिलाची फाईल अडवून ठेवता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने 2000 सालीच सांगितलेलं आहे. हे वाक्य त्या वेळी मला कुणी सांगितलं असतं तर भाऊ अकरा दिवस आधी घरी आला असता.

निकालाच्या दिवशी कोर्टातून तसंच निघू नका. शिक्षा झाली तर निकालाची प्रत आरोपीला मोफत मिळते, ती लगेच घ्या. सेशन कोर्टात अपिलाला 30 दिवस असतात, हायकोर्टात 60. निर्दोष सुटलात तर वरच्या कोर्टात बोलावलं तर हजर राहीन असा सहा महिन्यांचा बाँड, म्हणजे हमीपत्र, द्यावा लागतो. तो मागितला म्हणून घाबरू नका. जामिनासाठी रोख रक्कम भरलेली असेल तर ती परत मिळण्याचा अर्ज कधी टाकायचा, ते वकिलांना त्याच दिवशी विचारा आणि भरल्याची पावती पिशवीत असू द्या.