भरपूर मालमत्ता असलेल्या नवरा-बायकोने न भांडता, कमी खर्चात घटस्फोट कसा घ्यावा

वेगळं व्हायचं हे दोघांनाही मान्य आहे, पण मध्ये कोथरूडचा फ्लॅट, मुळशीची जमीन, दोघांच्या नावावरची कंपनी, डीमॅट, लॉकर असं सगळं पसरलंय, अशा जोडप्यांसाठी हे लिहितेय. मी सीए आहे, अशी कामं येत असतात, आणि मला कायम हेच दिसतं की फीचा मोठा हिस्सा समोरच्याने काय दडवलंय ते शोधण्यात जातो. म्हणून वकिलाची अपॉइंटमेंट घ्यायच्या आधी दोघांनी बसून यादी करा.

यादीचा नमुना तयारच आहे. २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने पोटगीच्या दाव्यांसाठी उत्पन्न, मालमत्ता, कर्जं, महिन्याचा खर्च असं सगळं विचारणारं अ‍ॅफिडेव्हिट ठरवून दिलं, तुमचं भांडण नसलं तरी तोच फॉर्म दोघांनी भरा आणि मागच्या तीन वर्षांच्या रिटर्न्स, बँक स्टेटमेंट्ससकट एकमेकांना द्या. ईसॉप (नोकरीत मिळालेला कंपनीचे शेअर घेण्याचा हक्क), क्रिप्टो, भावाच्या नावावर घेतलेला प्लॉट, सगळं लिहायचं, कारण सहमती फसवून घेतली असं नंतर उघड झालं तर मिटलेला विषय पुन्हा कोर्टात जाऊ शकतो.

बऱ्याच जणांना वाटतं की कायद्याने अर्धं-अर्धं होतं. तसं नाही हो. हिंदू विवाह कायद्यात अशी सरसकट वाटणी नाहीये, ढोबळमानाने ज्याच्या नावावर त्याचं, बाकी पोटगी आणि स्त्रीधन. गोव्यात मात्र पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा आहे, तिथे लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर मालमत्ता दोघांची समाईक धरतात, त्यामुळे लग्नाची नोंद गोव्यातली असेल तर वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा. स्त्रीधन तर वाटणीत धरूच नका, माहेरच्यांनी आणि सासरच्यांनी तिला दिलेल्या पाटल्या, तोडे, राणीहार हे तिचंच, सुप्रीम कोर्टाने १९८५ मध्येच ते स्पष्ट केलंय. लॉकर उघडून ते आधी देऊन टाका, कोटींच्या फ्लॅटपेक्षा तोड्यांवरून जास्त कडवटपणा येतो.

किंमत काढायला दोघांनी मिळून एकच व्हॅल्युअर नेमा, फी निम्मी-निम्मी. दोघांचे वेगळे असले की एकाच कंपनीच्या दोन किमती येतात आणि मग त्यातल्या फरकावर महिनोनमहिने मीटिंगा. वकील मात्र प्रत्येकाचा वेगळा असावा असं माझं मत आहे, एकाच वकिलाकडून पिटीशन करून घेता येते पण एवढी मालमत्ता असताना कन्सेंट टर्म्स (दोघांनी सही करून कोर्टात द्यायच्या तडजोडीच्या अटी) आपल्या बाजूने वाचणारं कोणीतरी हवंच. फी तारखेवर ठरवू नका, पूर्ण कामाची एकरकमी ठरवा आणि लिहून घ्या.

कोर्टाचं काम सोपं आहे. हिंदू विवाह कायद्यात संमतीने घटस्फोटासाठी जे कलम १३-ब आहे, त्याखाली किमान १ वर्ष वेगळं राहिलेलं हवं, एकाच घरात राहूनही पती-पत्नी म्हणून राहत नसाल तर ते धरलं जातं. संयुक्त अर्ज केल्यावर ६ महिने थांबायचं, पण वेगळं राहून दीड वर्ष झालं असेल आणि पोटगी, मुलं सगळं ठरलं असेल तर सुप्रीम कोर्टाच्या २०१७ च्या अमरदीप सिंग निकालाचा आधार घेऊन ही मुदत माफ करून मागता येते. आणि डिक्री, म्हणजे घटस्फोटाचा अंतिम आदेश, होईपर्यंत कोणीही संमती मागे घेऊ शकतं, म्हणून पैसे टप्प्यात द्या, काही अर्ज दाखल करताना आणि उरलेले शेवटच्या तारखेला कोर्टात डिमांड ड्राफ्टने.

आता सगळ्यात जास्त पैसे वाचतात ती जागा. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन नवऱ्याने बायकोला किंवा बायकोने नवऱ्याला बक्षीसपत्राने दिली तर स्टॅम्प ड्युटी फक्त २०० रुपये आहे (वर स्थानिक सरचार्ज लागतो का ते सब-रजिस्ट्रारकडे आधी विचारा), आणि डिक्री झाल्यावर तुम्ही पती-पत्नी राहत नाही, मग तीच सवलत गेली आणि बाजारभावावर लाखोंची ड्युटी. इन्कम टॅक्सलाही पती-पत्नीमधली भेट करमुक्त असते, घटस्फोटानंतर ते नातं धरलं जात नाही. ऑफिस किंवा गाळ्याला २०० रुपये लागू नाहीत. पण बक्षीसपत्र एकदा रजिस्टर झालं की सहज परत घेता येत नाही, म्हणून ते शेवटच्या तारखेच्या अगदी जवळ करा, आणि बक्षीस म्हणजे मोबदला न घेता दिलेलं असतं, तेव्हा मजकूर कन्सेंट टर्म्सशी जुळतो का ते वकिलाकडून तपासून घ्या.

पोटगी शक्य असेल तर एकरकमी घ्या. प्रतापगढच्या महेश्वरी देवींच्या केसमध्ये बॉम्बे हायकोर्टाने एकरकमी पोटगी ही भांडवली जमा धरली, म्हणजे घेणाऱ्याला कर नाही. दरमहाची पोटगी मात्र उत्पन्नात मोजतात, आणि देणाऱ्याला दोन्ही प्रकारांत करात वजावट मिळत नाही.

फ्लॅटवर लोन असेल तर कन्सेंट टर्म्समध्ये काहीही लिहा, बँकेला ते बंधनकारक नाही, दोघं कर्जदार असाल तर दोघंही अडकलेलेच. बँकेचं रिलीज लेटर, म्हणजे एकाला कर्जातून मोकळं केल्याचं पत्र, आधी. कंपनीच्या कर्जाला दिलेल्या पर्सनल गॅरंटीचंही तसंच, राजीनामा दिला म्हणून गॅरंटी सुटत नाही. एकत्र काम चालू ठेवायचं असेल तर तेही जमतं, आमिर खान आणि किरण राव यांनी २०२१ मध्ये वेगळं होतानाच मुलाला मिळून वाढवणार आणि पानी फाउंडेशनचं काम सोबत करणार असं सांगितलं होतं.

मुलांबद्दल फक्त 'ताबा आईकडे' एवढं लिहून थांबू नका. गणपती कोणाकडे, मे महिन्याची सुट्टी कोणाकडे, पासपोर्ट कोणाजवळ, परदेशी शिक्षणाचे पैसे कुठल्या खात्यात बाजूला काढलेत, हे सगळं तारखांसकट हवं. मुलाची पोटगी आईने सोडून दिली तरी मुलाचा हक्क संपत नाही, तेव्हा ती रक्कम नीट धरा.

दोघांपैकी कोणी अमेरिकेत असेल तर तिथे एकतर्फी डिक्री घेऊन मोकळं होऊ नका, सुप्रीम कोर्टाच्या १९९१ च्या नरसिंह राव निकालामुळे इथे ती बहुतेक वेळा टिकत नाही. मुखत्यारपत्र आणि व्हिडिओ कॉन्फरन्सवर इथलीच म्युच्युअल कन्सेंटची केस चालवायची परवानगी मागा. डिक्रीची सर्टिफाइड कॉपी हातात आली की त्याच आठवड्यात नॉमिनी बदला, बँक, पीएफ, एलआयसी, डीमॅट, सोसायटी, आणि मृत्युपत्रही नवीन करा, यातलं काहीच आपोआप बदलत नाही.