सहा कोअरच्या आकड्याला भुलू नका: गेमिंगसाठी स्वस्त प्रोसेसर घेताना या चुका टाळा

एप्रिल २०२२ मध्ये एएमडीने रायझन ५ मालिकेत तीन प्रोसेसर एकदमच आणले: ४५००, ५५०० आणि ५६००. तिन्हींवर मजकूर तोच, ६ कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) आणि १२ थ्रेड (एका वेळी चालणारे कामाचे धागे). मग सर्वांत स्वस्त तोच घ्यावा, असं कुणालाही वाटेल. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते.

फरक एल३ कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या झटपट मेमरीत आहे. ४५०० मध्ये ती ८ एमबी, ५५०० मध्ये १६ आणि ५६०० मध्ये ३२. गेम चालू असताना प्रत्येक फ्रेमला प्रोसेसरला बराचसा तोच डेटा पुन्हा पुन्हा लागतो. तो कॅशमध्ये सापडला तर ठीक, नाहीतर रॅमपर्यंत जाऊन यावं लागतं आणि तेवढा वेळ कोअर हात बांधून बसतो. ६० एफपीएस, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमसाठी जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात, त्यात हे हेलपाटे परवडत नाहीत. शिवाय ४५०० आतून झेन २, म्हणजे आधीच्या पिढीचा. बाकीचे दोन झेन ३.

दुसरी गोम पीसीआयईची, म्हणजे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डला जोडणाऱ्या रस्त्याची. ४५०० आणि ५५०० मध्ये त्याची ३.० आवृत्ती, ५६०० मध्ये ४.०. महागड्या कार्डला याने फारसं बिघडत नाही. बिघडतं ते स्वस्त कार्डचं. आरएक्स ६५०० एक्सटी या कार्डला त्या रस्त्याच्या फक्त ४ लेन आहेत. तो ३.० वर लावला की रस्ता निम्म्याने अरुंद होतो. त्याची ४ जीबी मेमरी भरली की टेक्स्चर (गेममधल्या पृष्ठभागांची चित्रं) त्याच रस्त्याने ये-जा करतात आणि ऐन मारामारीत गेम अडखळतो. थोडक्यात, स्वस्त प्रोसेसर आणि स्वस्त कार्ड एकमेकांचे दोष वाढवतात. ५६०० घेतला तरी मदरबोर्ड ए५२० चिपसेटचा असेल तर पुन्हा ३.० च, त्यासाठी बी५५० लागतो.

शेवटच्या अक्षराकडे काणाडोळा

एकदा रात्री मित्राचा फोन आला. पंखे फिरतायत, लाइट लागलेत, स्क्रीन काळी. दोनदा सगळं खोलून जोडून झालं होतं. प्रोसेसर कोणता, तर आय५ १२४००एफ. केबल कुठे लावलीय, तर मदरबोर्डवर. इंटेलच्या नावातल्या ‘एफ’चा अर्थच आत ग्राफिक्स नाही असा, त्यामुळे केबल ग्राफिक्स कार्डलाच लागते. कार्ड नंतर घेणार असाल तर एफ घेऊच नका.

मग एएमडीचा ‘जी’, म्हणजे आत ग्राफिक्स असलेला, घ्यावा का? सध्या कार्ड नसेल तर ५६००जी चांगला आहे, पण रॅमच्या दोन कांड्या लावा. त्याचं ग्राफिक्स रॅमवरच जगतं, एका कांडीवर त्याचा जीव गुदमरतो. मात्र ‘आत्ता जी, पुढे कार्ड’ हा हिशेब करताना एवढं ध्यानात ठेवा की नावात ५६०० असलं तरी त्याची कॅश १६ एमबी आणि पीसीआयई ३.० च आहे.

इंटेलच्या ‘के’बद्दल एकच वाक्य: तो ओव्हरक्लॉकिंगसाठी (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवण्यासाठी) असतो, त्याला झेड चिपसेटचा बोर्ड लागतो, एच६१० बोर्डवर लावून वरचे पैसे वाया जातात.

जुना आय७

नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. सेकंडहँड आय७ ३७७० हा २०१२ चा, ४ कोअर ८ थ्रेडचा. आय३ १२१००एफ सुद्धा ४ कोअर ८ थ्रेडचाच, पण मधे दहा वर्षं गेलीत. जुन्यात एव्हीएक्स२ हा सूचनांचा संच नाही, आणि ते नसेल तर काही नवे गेम सुरूच होत नाहीत. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत तो नाही, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. फुकट मिळाला तर जुने गेम खेळायला ठेवा, विकत घेऊ नका.

बोर्ड न बघता खरेदी

बी४५० बोर्डवर ५६०० चालतो, पण बायोस (बोर्डमधलं, संगणक सुरू करणारं सॉफ्टवेअर) जुनं असेल तर डिस्प्लेच येत नाही. बोर्ड कंपनीच्या साइटवर प्रोसेसरची यादी असते, प्रत्येकापुढे किमान बायोस आवृत्ती दिलेली असते. ती आधी बघा. बोर्डवर बायोस फ्लॅशबॅकचं बटण असेल तर पेन ड्राइव्हवर काम भागतं, नाहीतर चालणारा जुना प्रोसेसर कुणाकडून तरी मागून आणावा लागतो. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटमध्ये डीडीआर४ आणि डीडीआर५ चे बोर्ड वेगळे असतात, एकाची रॅम दुसऱ्यात बसत नाही. एएमडीच्या एएम५ सॉकेटला फक्त डीडीआर५.

गेम अडखळतोय? लगेच प्रोसेसर बदलू नका

टास्क मॅनेजर ४५ टक्के दाखवतो म्हणून प्रोसेसर निवांत आहे असं समजू नका. ती १२ थ्रेडची सरासरी असते, त्यातला एखादा पूर्ण पिळून निघत असेल तरी ती कमीच दिसते. त्यापेक्षा कार्डचा वापर बघा. तो ९५ टक्क्यांच्या वर असेल तर अडचण कार्डची. व्ही-सिंक (फ्रेमचा वेग स्क्रीनच्या वेगाशी बांधणारी सेटिंग) आणि एफपीएसची मर्यादा बंद करूनही कार्डचा वापर ६० टक्क्यांवरच रेंगाळत असेल तर रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा. तरीही एफपीएस जागचे हलले नाहीत, तर कार्ड प्रोसेसरची वाट बघत बसलंय.

तरीही आधी रॅम तपासा. ३२०० वेगाची कांडी बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमला तिच्या पूर्ण वेगावर चालवणारी सेटिंग) चालू न केल्यामुळे २१३३ किंवा २६६६ वर पळत असते, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता पहिला प्रश्न तोच विचारतो. दोन कांड्या असूनही शेजारशेजारच्या स्लॉटमध्ये खुपसलेल्या असतात. चार स्लॉटच्या बोर्डवर बहुतेक वेळा दुसरा आणि चौथा वापरायचा असतो.

मग तापमान. एकाचा नवाकोरा प्रोसेसर गेम उघडताच ९५ अंशांवर जायचा आणि वेग पाडायचा. प्रोसेसर खराब निघाला म्हणून परत पाठवायची तयारी झाली होती. कूलर काढून बघितला, तर बसवण्याआधी काढायचं असतं ते तळावरचं पारदर्शक प्लास्टिक जसंच्या तसं.