रेडियमचं दुकान टाकायचंय म्हणता भाऊ

आठवड्यातून एखादा पोरगा येतोच दुकानात, दादा रेडियम, म्हणजे स्टिकरचा चिकट रोल, कापायचा प्लॉटर कोणता घेऊ म्हणून. मी म्हणतो मशीनचं राहू दे, आधी सांग नंबर प्लेटच्या भरवशावर तर नाही ना? कारण ते दिवस गेले. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्या एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, लावूनच येतात आणि आता जुन्या गाड्यांनाही ती सक्तीची झाली, त्यामुळे नंबर टाकून चहापाणी निघायचं ते बंद. पण दुकानांच्या पाट्यांचं काम आहे. दुकानांच्या कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर पाटीवर मराठी देवनागरीत पाहिजेच आणि ते अक्षर दुसऱ्या भाषेपेक्षा लहान चालत नाही, म्हणून ज्यांच्या इंग्रजी पाट्या होत्या ते आपल्याकडेच येतात.

सुरुवातीला दोन फुटी कटिंग प्लॉटर, एक कॉम्प्युटर, डिझाईनला कोरलड्रॉ सॉफ्टवेअर, बास. फ्लेक्सचं मशीन घेऊ नका, जळगावला नाहीतर धुळ्याला फाईल पाठवून छापून आणा. फक्त भाव सांगताना रोल बघा. गिऱ्हाईकाचा बोर्ड ८ बाय साडेतीन, म्हणजे २८ फूट, पण तो निघतो चार फुटी रोलवर, छापणारा ३२ चे पैसे घेतो आणि तुम्ही २८ चे लावले की मजुरी गेली त्यात.

आता खरी डोकेदुखी, मराठी अक्षर. फॉन्टमध्ये अक्षरं एकमेकांवर चढलेली असतात, स्क्रीनवर शिरोरेषा सलग दिसते पण ब्लेड प्रत्येक जोडावर उभी चीर मारतं आणि अक्षराभोवतीचं नको ते रेडियम सोलायला घेतलं की 'महाराष्ट्र'चे तुकडे हातात. म्हणून कोरलमध्ये आधी कंट्रोल क्यू मारून कर्व्ह करा, म्हणजे फॉन्टचा नुसता आकार होतो, मग वेल्ड करून चढलेले आकार एकजीव करा, मग वायरफ्रेममध्ये नुसत्या कडा बघा, शिरोरेषेत एकही उभी रेघ दिसली नाही पाहिजे आणि व-ब ची पोटं बुजली नाही पाहिजे. कर्व्ह केल्याशिवाय फाईल बाहेर छापायला द्यायचीच नाही, समोरच्याकडे तो फॉन्ट नसला की काहीच्या काही छापून येतं.

आणि अनुस्वार! लहान अक्षरात तो टिपका सोलताना कचऱ्यासोबत कधी निघून जातो कळतही नाही. मी एकदा किराणा दुकानाच्या काचेवर 'आनंद'चा 'आनद' लावून आलो, संध्याकाळी म्हातारे आबा दुकानात हजर, "आनंदना टिपका कथा गया रे भो?" म्हणजे टिपका कुठे गेला. तेव्हापासून लहान कामात टिपका थोडा मोठा करतो आणि आधी टिपक्यांच्या भोवतीचं सोलून मग बाकीचं काढतो.

ब्लेड साध्या रेडियमला ४५ डिग्रीचं, जाड नाहीतर रिफ्लेक्टिव्हला ६० चं. रोल बदलला की आधी कोपऱ्यात एक छोटा चौकोन कापून सोलून बघायचा, रेडियम सुटलं पाहिजे पण खालच्या कागदावर नुसता हलका ओरखडा. कागदही कापला जात असेल तर प्रेशर कमी करा.

लावायचं काम आपल्याकडे मार्च ते जून सकाळी सातला नाहीतर दिवस मावळल्यावर. दुपारी ४४-४५ डिग्रीत शटरला हात लावून बघा, चटका बसतो की नाही? तिथे रेडियम टेकलं की चिकटलंच, सरकवता येत नाही, ओढायला गेलं की ताणतं आणि मग दोन दिवसांत कडा उचलतात. काच असली तर पाण्यात दोन थेंब शाम्पू टाकून फवारा मारायचा, स्टिकर सरकवून जागेवर आणायचा, मग मधून बाहेर स्क्वीजी, म्हणजे पाणी काढायची पट्टी, ओढायची. स्टिकर उचलायला वरून लावलेली टेप काढताना वर ओढू नका, काचेला चिकटून मागे दुमडत न्या, तेही पाणी थोडं सुकल्यावर. धूळ तर विचारूच नका, रस्त्यावरच्या दुकानाची काच पुसून होईस्तोवर परत बसलेली असते. स्पिरिटने पुसा, रॉकेलने नाही, त्याचा तेलकट थर राहतो. रोल पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका, उन्हाळ्यात गम खराब होतो.

केळीच्या ट्रक आणि ट्रॉलीवाल्यांचं काम रावेर-सावदा भागात चांगलं चालतं. रिफ्लेक्टिव्ह टेप पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल. ही अदलाबदल करू नका, पासिंगला अडकतं.

शेवटचं ॲडव्हान्सचं. निम्मे पैसे हातात आल्याशिवाय रोल कापू नका आणि व्हॉट्सॲपवर डिझाईन पाठवून 'ओके' लिहून घ्या, फोनवरचं हो चालत नाही. निवडणुकीच्या कामाला तर पूर्ण रोख, माझे एका उमेदवाराकडचे पैसे दोन निवडणुका झाल्या तरी बाकी आहेत आणि भाऊ भेटला की अजून खांद्यावर हात टाकतो.