फीडिंग ट्यूब डिझाइन करताना या चुका टाळा

फीडिंग ट्यूबबद्दल वॉर्डातून दोनच तक्रारी पुन्हा पुन्हा येतात. नळी धड आत जात नाही, आणि गेली तर थोड्याच दिवसांत चोक होते. डिझाइन टीममध्ये बहुतेक वेळा या दोन तक्रारी दोन वेगळ्या माणसांच्या टेबलावर जातात: एक जण टोक आणि तार बघतो, दुसरा आतली पोकळी. गोची तिथेच सुरू होते. आत घालणं सोपं करणारा जवळजवळ प्रत्येक बदल तुंबण्याच्या खात्यात काहीतरी वसूल करतो, आणि उलटही तसंच. पुढचं सगळं मुख्यतः नाकातून जठरात जाणाऱ्या बारीक नळीबद्दल आहे. पोटाच्या भिंतीतून बसवलेल्या नळीला तुंबण्याचा भाग बराचसा तसाच लागू होतो.

फ्रेंच साइजवरून आतली जागा गृहीत धरणे

फ्रेंच साइज हे बाहेरच्या व्यासाचं माप आहे. ३ फ्रेंच म्हणजे १ मिलिमीटर, म्हणजे १२ फ्रेंचची नळी बाहेरून ४ मिमी. आत किती जागा उरते हे भिंतीच्या जाडीवर ठरतं, आणि ते पाकिटावर ठळक छापलेलं नसतं. पॉलियुरेथेन मजबूत असल्यामुळे त्याची भिंत पातळ ठेवता येते. सिलिकॉन मऊ, म्हणून त्याची भिंत जाड लागते. समजा १२ फ्रेंचच्याच दोन नळ्या आहेत, एकीची भिंत ०.५ मिमी आणि दुसरीची ०.७५ मिमी. आतला व्यास झाला ३ मिमी आणि २.५ मिमी. फरक अर्ध्या मिलिमीटरचा, पण प्वाझयच्या नियमाप्रमाणे प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताने बदलतो. त्याच दाबाला पहिलीतून दुसरीच्या दुप्पट द्रव जातो.

मग सरळ जाड नळी का घेऊ नये? कारण नळीचा ताठपणाही व्यासाच्या चौथ्या घातानेच वाढतो. मटेरियल तेच आणि भिंतीचं प्रमाण तेच ठेवून ८ फ्रेंचवरून १२ फ्रेंचवर गेलात, तर नळी पाचपट ताठ होते. नाकाच्या मागच्या वळणावर हे पेशंटला लगेच कळतं.

शिवाय नुसती रुंदी वाढवून नळी तुंबायची थांबत नाही. पंपाने तासाला १०० मिली फीड (नळीतून द्यायचा द्रव आहार) चाललंय आणि आतला व्यास ३ मिमी आहे असं धरा. फीड सेकंदाला जेमतेम ४ मिमी पुढे सरकतं. १२० सेंमी लांबीची नळी पार करायला त्याला पाच मिनिटं लागतात. एवढ्या संथ प्रवाहाने भिंती धुतल्या जात नाहीत, आणि पोकळी जितकी रुंद तितका प्रवाह आणखी संथ. याच नळीत साधारण साडेआठ मिली द्रव मावतो. म्हणजे कुणी ५ मिली पाण्याने फ्लश केलं, तर ते पाणी टोकापर्यंत पोचतही नाही. प्रौढांसाठी सतत फीड चालू असताना दर चार तासांनी ३० मिली पाणी द्या असं सांगतात, त्यामागचा हिशोब यावरून समजतो. आपल्या नळीत किती मिली मावतं हे वापराच्या सूचनांत लिहायला एक ओळ पुरते, तरी ती बऱ्याचदा नसते.

ताठपणा टेबलावर, कोरडा मोजणे

नळीला दोन विरुद्ध कामं करायची असतात. आत जाताना तिने ढकललेला जोर पुढे पोचवायला हवा, आणि एकदा बसली की आठवडेच्या आठवडे घशात टोचता कामा नये. पॉलियुरेथेन इथे उपयोगी पडतं, कारण अंगातल्या उबेने आणि ओलाव्याने ते मऊ होतं. पण मग ताठपणाही दोनदा मोजायला हवा: एकदा खोलीच्या तापमानाला कोरडा, आणि एकदा ३७ अंशांच्या पाण्यात मुरवून. फक्त पहिला आकडा बघून मटेरियल निवडलं तर नळीचा निम्माच स्वभाव कळतो.

पीव्हीसीचं उलटं. ते मऊ असतं ते त्यात मिसळलेल्या प्लास्टिसायझरमुळे. तो हळूहळू बाहेर पडतो आणि नळी कडक होत जाते. म्हणून पीव्हीसीची नळी थोड्या दिवसांपुरतीच. डीईएचपी हा प्लास्टिसायझर टाळण्याची कारणं आणखी आहेत, विशेषतः नवजात बाळांच्या बाबतीत, पण तो वेगळा विषय.

मऊ नळीला आत जाण्यापुरता कणा देते ती स्टायलेटची तार. इथे तीन गोष्टी हमखास सुटतात. तारेचं टोक बाजूच्या पहिल्या भोकाच्या अलीकडेच थांबलं पाहिजे, आणि नळी ताणली किंवा वाकली तरी तिथून बाहेर डोकावता कामा नये. दुसरं, आतलं वंगण पाण्याने जागं होणारं असेल, तर पाणी घालायला विसरलेली नर्स गृहीत धरूनच चाचणी करा. कोरड्या नळीतून तार ओढली की तारेबरोबर नळीही बाहेर येते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. तिसरं, एकदा काढलेली तार नळी पेशंटच्या आत असताना पुन्हा घालायची नाही हे सूचनांत लिहिलेलं असतं, पण मूठ अशी बनवतात की तार परत घालायचा मोह व्हावा. भोकातून निसटलेली तार जठराला किंवा अन्ननलिकेला छिद्र पाडू शकते.

‘सहज जाते’ एवढ्यावर खूश होणे

गुळगुळीत, सडपातळ, तार घातलेली नळी अन्ननलिकेत सहज जाते, तशीच श्वासनलिकेतही सहज जाते. बेशुद्ध किंवा गुंगीतल्या पेशंटला खोकला येईलच असं नाही. अशा नळीने फुफ्फुसाच्या आवरणाला भोक पडून न्यूमोथोरॅक्स, म्हणजे फुफ्फुसाभोवती हवा साठणं, होऊ शकतो. त्यामुळे आत जाण्याची सोय वाढवाल तेवढीच जागा तपासण्याची सोयही वाढली पाहिजे.

सिरिंजने हवा सोडून स्टेथोस्कोपने आवाज ऐकण्याची जुनी पद्धत भरवशाची नाही. आवाज फुफ्फुसातूनही तसाच येतो. नळीतून द्रव ओढून त्याचा पीएच बघतात, ५.५ किंवा त्याखाली आला तर नळी जठरात आहे असं मानतात. द्रव मिळाला नाही किंवा शंका असेल तर एक्स-रे. ॲसिड कमी करणारी औषधं चालू असतील तर पीएच चढा येतो, हेही लक्षात ठेवावं लागतं.

डिझाइनरचं काम इथे येतं. पातळ भिंतीची मऊ नळी सिरिंज ओढताच चपटी होते आणि द्रवच मिळत नाही. भोक एकच असेल तर ते जठराच्या अस्तराला चिकटून बसतं. म्हणून ओढण्याच्या दाबाला, म्हणजे निर्वाताला, भिंत टिकते का याची वेगळी चाचणी हवी, तीही ३७ अंशांना.

आणि लगेच उलट बाजू: पीएच बघायला ओढलेलं ॲसिड नळीत तसंच राहिलं आणि त्यावर फीड सोडलं, तर तुंबण्याची सुरुवात तिथूनच होते. तपासणीनंतरचा फ्लश हा म्हणूनच तपासणीचाच भाग समजायचा.

टोक जड केलं की काम झालं असं समजणे

टंगस्टन भरलेलं जड टोक नळीला जठरातून पुढे लहान आतड्यात घेऊन जाईल, ही कल्पना ऐकायला फार पटते. प्रत्यक्षात वजनाचा असा ठाम फायदा अभ्यासांत दिसलेला नाही. जठराच्या हालचालीपुढे दोन-तीन ग्रॅम वजनाला कोण विचारतो! तोटा मात्र नक्की आहे: टोकाचा फुगवटा नळीपेक्षा जाड असेल, तर नाकाला जाणवणारी साइज ही त्या फुगवट्याची.

त्याहून दुर्लक्षित गोष्ट म्हणजे बंद टोकाच्या आतला खिसा. बाजूचं शेवटचं भोक आणि बंद टोक यांच्यामध्ये पाच-सात मिलिमीटर पोकळी उरली, तर तिथे फीड जाऊन बसतं आणि कुठलाही फ्लश तिथवर पोचत नाही. ही जागा भरून टाका, किंवा भोक अगदी टोकापर्यंत न्या.

भोकांच्या कडाही हाताळून बघा. पंच करून पाडलेल्या भोकाला बारीक कुसळ राहतं. बाहेरून ते नाकाचं अस्तर खरवडतं, आतून त्याला फीडचा पहिला थर धरतो. नखाला ते लागतं, भिंगाखाली तर स्पष्ट दिसतं. भोकांचं एकूण क्षेत्रफळ पोकळीच्या क्षेत्रफळापेक्षा जास्त हवं, पण भोकं एकमेकांसमोर आली की नळी तिथेच मुडपते. थोडी मागेपुढे ठेवा.

तुंबण्याची चाचणी पाण्यावर करणे

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक ही. पाणी कुठल्याही नळीतून जातं. नळी तुंबते ती प्रथिनांमुळे, औषधांच्या चुऱ्यामुळे आणि थांबलेल्या पंपामुळे, आणि बऱ्याचदा तिन्ही एकत्र आल्यामुळे.

दुधातलं केसीन पीएच ४.६ च्या आसपास साकळतं. जठरातला द्रव त्याहून बराच आंबट असतो. पंप थांबला की टोकाशी फीड आणि ॲसिड एकमेकांत मिसळतात आणि भोकाच्या आतल्या बाजूला रबरासारखी गुठळी धरते. त्यामुळे टेबलावरच्या चाचणीत नळीचं टोक ३७ अंशांच्या आम्लद्रवात बुडालेलं हवं, आत अखंड (आधीच न तोडलेल्या) प्रथिनांचं फीड हवं, आणि पंप मध्येच बंद करून नळी तशीच सोडून द्यायला हवी. नुसतं सतत वाहतं फीड घेऊन केलेली चाचणी पास होतेच. थांबा किती वेळाचा ठेवायचा हे ठरवताना वॉर्डात पंप खरोखर किती वेळ थांबतो ते विचारा. एक्स-रेला नेलं, अंघोळ घातली, अलार्म वाजला आणि कुणाचं लक्ष गेलं नाही, हे सगळं त्यात धरायचं.

दुसरी फेरी औषधांची. कुटलेल्या गोळ्यांचा चुरा पाण्यात विरघळत नाही, तरंगतो आणि अरुंद जागी अडतो. काही सिरप इतकी आम्लधर्मी असतात की फीडमध्ये थेट मिसळली तर जागच्या जागी गाठी होतात. म्हणून औषधाआधी, औषधानंतर आणि दोन औषधांच्या मध्ये पाणी.

नळी एक्स-रेत दिसावी म्हणून मटेरियलमध्ये बेरियम सल्फेट घालतात. त्याचे कण आतल्या पृष्ठभागावर उघडे पडले तर तो खरबरीत होतो, आणि नळीचा ताठपणाही वाढतो. बेरियम फक्त एका पट्टीत ठेवणं, किंवा आतला थर बेरियमशिवाय वेगळा काढणं, हे खर्चिक असलं तरी दोन्ही तक्रारींवर एकदम लागू पडणारं मोजकं औषध आहे.

कनेक्टरला शेवटी आठवणे

फीडिंगची नळी चुकून शिरेच्या लाइनला जोडली जाऊ नये म्हणून आयएसओ ८०३६९-३ या मानकाचा एनफिट कनेक्टर आला. सुरक्षेसाठी तो हवाच. पण त्याच्या आट्यांभोवतीच्या खाचेत फीड साठून वाळतं, आणि जाड नळीला कनेक्टरचं भोक नळीपेक्षा अरुंद पडू शकतं. नळी जिथे कनेक्टरला चिकटवता तिथे आत पायरी राहते का, ते कापून बघा. वाय-पोर्ट, म्हणजे दोन फांद्यांचं तोंड, दिला असेल तर एका फांदीतून केलेला फ्लश दुसरी फांदी साफ करत नाही, हेही.

तक्रार आली की फक्त ‘ब्लॉक झाली’ एवढंच नोंदवणे

परत आलेली नळी लांबीत चिरा आणि अडथळा कुठे आहे ते मोजा. ठिकाणावरून निम्मं निदान होतं. टोकाशी लवचिक गुठळी म्हणजे ॲसिड आणि प्रथिनं: थांबलेला पंप, न केलेला फ्लश किंवा टोकाचा खिसा तपासा. बोटाला रेतीसारखा लागणारा अडथळा औषधाचा असतो, आणि तो बहुधा जिथे पोकळी अरुंद होते तिथेच सापडतो. मधल्या भागात काहीच नाही, पण नळीवर पांढरट मोडीची खूण आहे? मग ती तुंबली नव्हती, मुडपली होती. दोष भिंतीच्या जाडीत किंवा नाकाशी चिकटपट्टी लावण्याच्या पद्धतीत शोधा. भिंतीवर सलग पातळ थर असेल तर प्रवाह फार संथ किंवा पृष्ठभाग खरबरीत.

नळी फुटून परत आली असेल तर सिरिंज कोणती वापरली ते विचारा. तेवढ्याच जोराने दाबलं तरी लहान सिरिंजमध्ये दाब कितीतरी जास्त होतो. अडथळा काढायला मोठी सिरिंज आणि कोमट पाणी, हलक्या हाताने मागेपुढे, हा पहिला उपाय. त्याने भागलं नाही तर डॉक्टरांच्या सांगण्यावरून सोडियम बायकार्बोनेटसह पॅन्क्रियाटिक एन्झाइम वापरतात. कोला ओतण्याची पद्धत अजून टिकून आहे, पण तो आम्लधर्मी असल्याने प्रथिनांची गुठळी आणखी घट्ट करू शकतो. तक्रारीच्या फॉर्मवर ‘आधी काय काय घालून बघितलं?’ असा रकाना ठेवा. नाहीतर चिरलेल्या नळीत सापडलेली गुठळी फीडची की कोलाने घट्ट केलेली, हे तुम्हाला कळायचं नाही.